हारलेल्याचं भाषण

“जितलेला त काहीबी बोलते, बाई. हारलेल्याचं आइका.”

हे म्हणायचं असलं की टेलरभाऊ आधी मशीनचं चाक तळहाताने थांबवत, मग उजव्या कानातला इयरफोन काढून गळ्यातल्या मापाच्या टेपाला अडकवत. डावा कान कायम मोकळा, तो गिऱ्हाइकांसाठी. उजवा अमेरिकेसाठी. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याला जन्मभर गावाने हसण्यावारी नेलं आणि गेल्यावर त्याची शोकसभा घेतली. आमच्या गावाने शोकसभाही घेतली नाही. म्हणून मी लिहायला बसले आहे, आणि रागात बसले आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव पुसदहून उमरखेडकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या माझ्या दारात चार मोटरसायकली येऊन उभ्या राहतील. गावाच्या चौकात भाऊंचं दुकान होतं, ‘लेडीज टेलर, फॉल-पिको करून मिळेल.’ दुकानाला लागून जी सार्वजनिक भिंत होती तिच्यावर एक फळा. शाळेने बाद केलेला, एक कोपरा उडालेला. इतर गावांत चौकातल्या वार्ताफलकावर वाढदिवस, रक्तदान, दहावीचे निकाल असतात. आमच्या फळ्यावर अमेरिका असायची. भाऊ रोज सकाळी शटर उघडण्याआधी लिहायचे, आणि तेही कापडावर खुणा करायच्या चपट्या खडूने. अक्षर इतकं बारीक की वाचायला नाक फळ्याला लावावं लागे.

आणि अमेरिका कोणती? तर उजव्या बाजूची. सरकारने घरात डोकावू नये, माणसाने कष्टाचं खावं, लग्न टिकवावं, देवाला मानावं, फुकट काही वाटू नये, देशाला कुंपण असावं. तिथल्या अशा विचाराच्या लोकांचे कार्यक्रम ते शिवता शिवता ऐकत. आधी रेडिओवर, मग मोबाइलवर. इंग्रजी शिकले ते दहावी नापास झाल्यानंतर, फाटक्या डिक्शनरीवर. अडलेल्या शब्दांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येत. मी इथल्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. शब्दांच्या बदल्यात माझ्या साड्यांचे फॉल ते लावून द्यायचे. तेव्हा त्या फळ्याच्या पापात माझाही वाटा होता म्हणा.

एकदा चिठ्ठीवर ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला मराठीत काय म्हणतात ते विचारलं होतं. मी मुद्दाम म्हटलं, “पुराणमतवादी.”

“हे त शिवी दिल्यावानी वाटून राह्यलं, बाई.”

“मग तुम्हीच ठेवा नाव.”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मथळा आला, ‘जतनवाल्यांची अमेरिका’. आपल्या आधीच्यांनी जे चांगलं करून ठेवलं ते जतन करणारा तो जतनवाला, असं खाली बारीक अक्षरात. शब्दकोशात नसेल हा शब्द. मला मात्र तो पटला, आणि पटला हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

कारण आमचं कधी जमलंच नाही! आमचं घर दीक्षा घेतलेलं. घरात देवघराच्या जागी संविधान. भाऊ म्हणत, अमेरिकेची घटना खिशात मावते, आपली एवढी मोठी कायले? मी म्हणत असे, “ज्याच्या घरात जेवढा अन्याय तेवढी घटना मोठी लागते, भाऊ.” यावर ते मशीन थांबवून पाच मिनिटं विचार करत. मग म्हणत, “हे बरोबर हाय. पन मी नाही मानत.” असा विरोधक मला अख्ख्या स्टाफरूममध्ये मिळाला नाही. तिथे एक तर सगळ्यांना सगळं मान्य असायचं, नाही तर कोणी कोणाशी बोलायचं नाही.

ते मूळचे बंजारा तांड्यावरचे. त्यांचे आजोबा तांड्याचे नाईक. अमेरिकेतल्या एका निवडणुकीत, तुम्हाला आठवत असेल, देशभरात जास्त मतं घेणारी बाई हरली आणि कमी मतं घेणारा जिंकला. चौकात सगळे भाऊंवर तुटून पडले. ज्याले जास्त मतं तो हारला कसा? ही कुठची लोकशाही? भाऊ शांतपणे काजं करत होते. म्हणाले, “आमच्या आज्याच्या वक्ताले पाच तांड्यायची बैठक बसे. एक तांडा शंभर घराचा, एक बारा घराचा. पन बैठकीत बारा घराचा नाईक बी नाईकच. त्याले कोनी उठ म्हनत नव्हतं. नाही त मोठा तांडा लहान्याले पानी बी नाही पेऊ देनार.” मी नागरिकशास्त्राचं पुस्तक एकतीस वर्षं शिकवलं, पण लहान राज्यांनाही वजन देणारी ही पद्धत इतक्या सोप्या शब्दांत मला कधी सांगता आली नव्हती. पटली नाही ती वेगळी गोष्ट. बारा घरांना सांभाळायचं म्हणून शंभर घरांचं ऐकायचंच नाही का, असं मी विचारलं, आणि त्या दिवशी माझा ब्लाउज तसाच राहिला.

ब्लाउजवरून आठवलं. दर चार वर्षांनी नोव्हेंबर आला की गावातल्या नवऱ्यामुलींच्या आया हवालदिल होत. तुळशीचं लग्न तोंडावर, लग्नसराई डोक्यावर, आणि टेलर तिकडे कोणत्या राज्याची मोजणी कुठवर आली ते ऐकत बसलेला! एका बाईने तर अस्तर त्यांच्या अंगावर फेकलं होतं. “माह्या पोरीचं लगन काय अमेरिकेत हाय?” म्हणे. भाऊंनी अस्तर उचललं, घडी केली, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी पाच ब्लाउज स्वतः सायकलवर नेऊन दिले.

आता त्या सवयीविषयी सांगते, जिच्यापायी पुढचं सगळं घडलं. निवडणूक संपली की सगळे जिंकणाऱ्याकडे बघतात. भाऊ हरणाऱ्याकडे बघत. तिथे अशी रीत आहे की हरलेला माणूस स्वतः जिंकलेल्याला फोन करतो, अभिनंदन करतो, आणि मग लोकांपुढे उभा राहून ‘मी हरलो’ असं सांगतो. कायद्यात तसं कुठे लिहिलेलं नाही. नुसती रीत. भाऊंना अमेरिकेतलं सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर ते हे. जिंकणाऱ्याचं फळ्यावर फक्त नाव. हरलेल्याचं अख्खं भाषण, मराठीत, चार-पाच दिवस पुरवून पुरवून. वर ठळक अक्षरात ‘हारलेल्याचं भाषण’.

“कानून त कोनीबी पाळते डंड्याच्या भेवानं,” ते म्हणत. “रीत पाळाले मानूस लागते.”

दुसरी सवय स्वतःच्या चुकीची. फळ्यावर चुकीचं लिहिलं गेलं तर ते पुसत नसत. आडवी रेघ मारायची, खाली बरोबर ते लिहायचं, आणि शेजारी ‘माझी चूक’ लिहून सही. पूर्ण एक दिवस ते तसंच राहणार.

मग चार वर्षांनी ती निवडणूक आली. त्या दिवशी आपल्याकडे सकाळी भाऊंचा माणूस बऱ्याच ठिकाणी पुढे होता. आपल्याकडे मतमोजणीत दुपारपर्यंत पुढे असला की गुलाल उधळतात. भाऊंनी गुलाल नाही उधळला, पण आनंदाच्या भरात फळ्यावर लिहून टाकलं, ‘आपला माणूस जिंकला.’ आणि खाली जागा सोडून ‘हारलेल्याचं भाषण’ असा मथळाही आधीच घालून ठेवला. चौकात त्यांची चाहती मंडळी जमली होती. हो, त्यांना चाहते होते. अमेरिकेचं काही न कळणारे, पण भाऊ ‘आपल्या विचाराचे’ आहेत अशी खात्री असलेले. त्यांनी पेढे वाटले.

तिकडे पोस्टाने आलेली मतं मागाहून मोजत होते. तीन-चार दिवस मोजणी चालली आणि भाऊंचा माणूस हरला.

मी मुद्दाम सकाळी लवकर गेले. खोटं कशाला बोलू, मला त्यांची जिरल्याचा आनंद झाला होता. भाऊ फळ्यापुढे उभे होते. त्यांनी ‘आपला माणूस जिंकला’ वर रेघ मारली. खाली लिहिलं, ‘हारला. मोजणी पुरी व्हायच्या आंधी लिहिलं, माझी चूक.’ सही केली. मग मथळ्याखालच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले.

“आता तुमच्याच माणसाचं भाषण लिहावं लागणार,” मी म्हटलं.

“हाव. त्याचंच लिहीन. झाक लिहीन.”

ते भाषण आलंच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. भाऊंनी जागा तशीच ठेवली. बाकीच्या फळ्यावर रोज नवीन मजकूर येई, पण ‘हारलेल्याचं भाषण’ आणि त्याखाली रिकामं. चाहते येऊन म्हणाले, लिहा की धोका झाला म्हणून. तुम्हीच तर लिहिलं होतं जिंकला म्हणून! भाऊ म्हणाले, “धोका झाला असन त कोर्टात दाखवा म्हना. तिथं दाखवता नाही आलं. मी कायच्या भरोशावर लिहू?” ते म्हणाले, तुम्ही आपले का त्यांचे? भाऊंनी कानात इयरफोन घातला. डाव्या कानात घातला. तसं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दोन महिने ती जागा रिकामी होती. मग तिकडे त्याच माणसाचे पाठीराखे निकाल उलटवायला संसदेच्या इमारतीत घुसले, आणि दुसऱ्या सकाळी मथळाच दिसला नाही. भाऊंनी काही अर्धवट ठेवून पुसलेलं मला आठवतं ते एवढंच. मला टोमणा मारायचा होता. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि माप देऊन घरी आले.

पुढच्या निवडणुकीत त्यांचा माणूस पुन्हा उभा राहिला. भाऊंनी त्याच्या बाजूने लिहिलं, भरपूर लिहिलं. “मत माहं तेच हाय, बाई. मानसावर राग असला म्हनून मत कायले फेकू?” तो जिंकला. समोरची उमेदवार दुसऱ्याच दिवशी लोकांपुढे आली, फोन केला म्हणाली, निकाल मानते म्हणाली. आणि टेलरभाऊंनी काय केलं असेल? जिच्याविरुद्ध तीन-चार महिने रोज लिहिलं तिचं अख्खं भाषण पाच दिवस फळ्यावर उतरवलं. वर तोच मथळा. चाहते चवताळले. आपला जिंकला आणि तुम्ही तिचं भाषण लिहून राह्यले? एकाने त्यावर पान खाऊन पिंक टाकली. भाऊंनी ओल्या चिंधीने ते पुसलं आणि गेलेली ओळ पुन्हा लिहिली.

पुढे आमच्या इथल्या निवडणुकीचे वारे सुरू झाले. एक तरुण नेते, आमच्या शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांचे पुतणे, दुकानात आले. मी तेव्हा आत बसले होते. म्हणाले, काका, तुम्ही आपल्याच विचाराचे, आता फळ्यावर जरा आपल्या पॅनलचं लिहा.

“तुमचा विचार कोन्ता ते सांगा,” भाऊ म्हणाले. “मंग पाहू.”

नेते हसले. मग हसायचे थांबले. भाऊ खरोखरच उत्तराची वाट पाहत होते.

पंधरा दिवसांत नोटीस लागली. चौकाचं सौंदर्यीकरण होणार. फळा काढून तिथे सेल्फी पॉइंट. तुम्ही पाहिलेच असतील, मोठाली अक्षरं, ‘आय लव्ह’, मध्ये लाल बदाम आणि पुढे गावाचं नाव. ज्या चौकात बायकांसाठी मुतारी नाही, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तिथे गावावरचं प्रेम लाइट लावून दाखवायचं! हरकत असल्यास दहा रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज मुदतीत द्यावा, असंही नोटिशीत होतं. दहा. भाऊ म्हणाले, “दहा त फळा वाचनारेच हायेत रोज.”

ते कागद घेऊन घरोघर गेले. मोबाइल रिचार्जवाला, जो रोज सकाळी फळ्यापुढे उभा राहून मोठ्याने वाचायचा, तो म्हणाला, माझं दुकान अतिक्रमणात आहे. पोथी वाचणारे गुरुजी म्हणाले, या वयात कशाला. पेढे वाटणारे चाहते तर दारातच आले नाहीत. संध्याकाळी भाऊ माझ्याकडे आले. कागदाची घडी हातात. मी चहा टाकला. तो कागद त्यांनी उलगडायच्या आत मी बोलले.

“भाऊ, माझ्या पेन्शनची फाइल अजून संस्थेकडेच आहे. अध्यक्षांची सही व्हायची आहे.”

हो. मीच बोलले. एकतीस वर्षं ‘नागरिकाची कर्तव्ये’ हा धडा शिकवून, पोरांकडून पाठ करून घेऊन, न आलेल्याला उभं करून! इतरांना काय नावं ठेवायची? त्यांना निदान पुस्तक शिकवायचा पगार नव्हता.

“बरोबर हाय, बाई,” भाऊ म्हणाले. “पहिले पेन्शन.” घडी खिशात घातली आणि चहा पूर्ण पिऊन गेले.

फळा निघाला. उद्घाटनाला मी गेले नाही, पण काय झालं ते गावभर कळलं. नेते बदामापुढे उभे राहून फोटो काढत होते. टेलरभाऊ धुतलेला सदरा घालून गेले, गर्दीतून वाट काढली आणि नेत्याचा हात हातात घेऊन म्हणाले, “तुम्ही जितले. अभिनंदन करतो.” लोक हसले. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तो माझ्याही मोबाइलवर आला, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तशीच दुकानात गेले.

“काहून गेलते तुम्ही? काय गरज होती?”

त्यांनी चाक थांबवलं. “हारलो ना मी, बाई. मंग रीत पाळा लागते. फोनच करनार होतो, पन त्यायचा नंबर नव्हता माह्यापाशी. म्हनून पायी गेलतो.”

मला बोलायचं होतं की भाऊ, तुम्ही हरलात कुठे? हरायला आधी मतं पडावी लागतात. इथे आम्ही नऊ जण मत द्यायलाच आलो नाही. पण त्या नऊमधली मीच पहिली, मग कोणत्या तोंडाने बोलणार? मी ब्लाउजचं कापड त्यांच्यापुढे टाकलं आणि ‘घाई नाही’ म्हणून निघून आले.

त्यानंतर त्यांनी कुठेच लिहिलं नाही. लोक म्हणत, मोबाइलवर लिहा की आता, जगभर जाईल. ते म्हणत, “जग नाही वाचत. चौक वाचते.” माझी पेन्शन सुरू झाली. ते पुढच्या उन्हाळ्यात गेले, दुपारी मशीनवर बसल्या बसल्या. इयरफोन कानात होता म्हणे.

दहाव्यानंतर त्यांची सून घरोघर फिरून गिऱ्हाइकांची राहिलेली कापडं परत देत होती. प्रत्येक कापडाला मापाची चिठ्ठी टाचलेली. माझं कापड तिने हातात ठेवलं. “बाबांनी कापलं नव्हतं तुमचं. आत एक कागद पन हाय, तुमचाच असन म्हनलं मी.”

तो अर्ज होता. ‘आम्ही खालील रहिवासी’ असं वर. खाली एक ते दहा आकडे. एकपुढे त्यांची सही, फळ्यावर असायची तशीच. आणि दोनपुढे पेन्सिलीने, त्या बारीक अक्षरात, माझं नाव. सहीची जागा मोकळी. घरोघर फिरायच्या आधीच लिहून ठेवलं असणार. बाकी कोणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. फक्त माझंच! जिच्याशी जन्मभर पटलं नाही तिची सही नक्की, असं त्या माणसाने धरून ठेवलं होतं. आणि मी त्यांना कागद उलगडूही दिला नाही.

चार दिवस मी तो कागद संविधानाच्या पुस्तकाखाली ठेवला. पाचव्या दिवशी चष्मा लावला आणि दोनपुढे सही केली. शेजारी लिहिलं, ‘उशीर झाला, माझी चूक.’ पुसणार नाही.

मुदत कधीच संपली, मला माहीत आहे. फळा बहुतेक कोणाच्या तरी गोठ्याचं दार झाला असेल. चौकातल्या ‘लव्ह’मधलं एक अक्षर आत्ताच निखळून पडलंय, ते लावायलाही कोणी आलेलं नाही. अजून आठ ओळी कोऱ्या आहेत. उद्या सकाळी हा कागद घेऊन मी चौकात जाणार आहे, पहिलं दार रिचार्जवाल्याचं. हरायचं असेल तर हरू, पण या वेळी मतं मोजून हरू. आणि मग मी स्वतः जाऊन त्या नेत्याचं अभिनंदन करीन. पायी.